छोटे विमानतळ खासगी कंपन्यांकडे : करारातून सरकारने नेमके काय मिळवले?

मांजराकाठ

2009 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसी) नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद असे पाच विमानतळ अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहातील कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्याच्या आदल्याच वर्षी, 2008 मध्ये, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडच्या विमानतळाचे रूप सरकारी पैशांतून पालटले होते. पुढे किंगफिशर ही विमान कंपनी बंद पडली. 27 एप्रिल 2017 रोजी, छोट्या शहरांना अनुदानाच्या आधारे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी, ट्रूजेटचे हैदराबाद–नांदेड विमान सुरू झाले, 2022 च्या फेब्रुवारीत ट्रूजेटचीच उड्डाणे थांबली आणि 2024 मध्ये स्टार एअरने नांदेडची सेवा पुन्हा सुरू केली. लातूर, धाराशिव आणि यवतमाळ यांच्या वाट्याला उडानचे विमान आलेच नाही, आणि बारामतीची धावपट्टी प्रामुख्याने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली.

हे विमानतळ परत घ्यावेत, अशी मागणी तेव्हापासून अनेकदा झाली आहे आणि सरकारनेही तसे बोलून दाखवले आहे. परंतु परत घेतल्यानंतर काय करायचे, याची चर्चा मला फारशी कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, खासगी कंपनी निवडली हा मूळ दोष नव्हता. मूळ दोष असा की, ज्या विमानतळावर विमानच येत नाही, त्या विमानतळाच्या मालकाला उत्पन्न कुठून मिळणार याचा विचार न करता आपण त्याला शतकभरासाठी जमीन आणि धावपट्टी सोपवली. मोठ्या विमानतळाच्या चालकाचे उत्पन्न प्रवाशांच्या संख्येवर वाढते, त्यामुळे प्रवासी वाढवण्यात त्याचा स्वार्थ असतो. लातूरसारख्या ठिकाणी विमान आणायचे की नाही, हे विमान कंपनी ठरवते, इंधनावरचा कर राज्य सरकार ठरवते, मुंबईत उतरण्याची वेळ तिसरेच कोणी देते, आणि विमानतळ चालवणारी कंपनी या तिघांच्या निर्णयाची वाट पाहत बसते. अशा स्थितीत तिच्यापुढे सर्वांत शहाणपणाचा व्यावसायिक निर्णय कोणता उरतो? खर्च कमीत कमी ठेवणे आणि जमीन धरून ठेवणे. त्यासाठी कंपनी वाईट असावी लागत नाही.

विमानतळाच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सभासदांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

विंडसॉक

मी अनेक वर्षे विमानतळाच्या परिचालन विभागात काम केले आहे. आपला मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्याची तीव्रता कळण्यासाठी जमाखर्चाचे स्वरूप समजून घ्यायला हवे.

आपल्याकडे 80 पेक्षा कमी आसनांच्या नियमित देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्क माफ आहे, आणि लहान शहरांत येणारे एटीआर 72 हे विमान नेमके याच गटात मोडते. त्यावर उडान योजनेतील फेऱ्यांना लँडिंग आणि पार्किंग ही दोन्ही शुल्के आकारायची नाहीत, अशी अट आहे. म्हणजे ज्या विमानासाठी विमानतळ सकाळी उघडायचा, त्या विमानाकडून विमानतळाला हाती काही लागत नाही. उरते ते प्रवाशांकडून घेता येणारे वापर शुल्क, उपाहारगृहाचे भाडे, वाहनतळ आणि जाहिरातीच्या पाट्या. दिवसाला एक विमान आणि त्यातले साठ-सत्तर प्रवासी एवढ्यावर ही दुकाने चालत नाहीत.

खर्च मात्र विमानांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही. एटीआर उतरणार असेल तर पाचव्या श्रेणीची अग्निशमन व्यवस्था लागते आणि एअरबस 320 यायचे असेल तर सहाव्या श्रेणीची. ती श्रेणी विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरते, फेऱ्या किती आहेत यावर नाही. विमान दिवसातून एकदाच आले तरी बंब, पाणी, फोम आणि प्रशिक्षित माणसे त्या वेळी सज्ज असावीच लागतात. धावपट्टीवरचे रबर काढणे, कडेचे गवत कापणे, कुंपण राखणे, पक्षी आणि भटकी जनावरे दूर ठेवणे, दिवे तपासणे, हे सर्व नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याच्या अटींत येते. एखाद्या वर्षी विमान आले नाही म्हणून देखभाल थांबवली, तर पुढच्या वर्षी विमान यायला तयार झाले तरी परवाना हाती नसतो, आणि तो परत मिळवण्यात हंगाम निघून जातो. छोट्या विमानतळांचे दुष्टचक्र इथे सुरू होते.

हा भार हलका करण्यासाठी उडान योजनेत राज्यांवर काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. या विमानतळांवर इंधनावरचा मूल्यवर्धित कर 1 टक्क्यापर्यंत खाली आणणे, सुरक्षा आणि अग्निशमन सेवा विनामूल्य देणे, वीज-पाणी सवलतीत देणे आणि विमान कंपनीला द्यायच्या तूट भरपाईतला साधारण पाचवा हिस्सा उचलणे, या त्यातल्या मुख्य. म्हणजे विमान उडू लागले की सार्वजनिक पैसा तसाही खर्च होतोच. मग ज्याला तो पैसा मिळतो त्याच्याकडून सेवेची हमी लिहून घेण्यात संकोच कशाला, हा माझा प्रश्न आहे.

कर्लीकाठ

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाची हकिगत या चर्चेत यायलाच हवी, कारण तो कागदावर पाहिला तर खासगी गुंतवणुकीचे चांगले उदाहरण ठरतो. आयआरबी समूहाच्या कंपनीने एमआयडीसीबरोबरच्या करारानुसार माळरानावर 2500 मीटरची धावपट्टी आणि टर्मिनल बांधले. लातूर-नांदेडसारखी तयार धावपट्टी तिला मिळाली नव्हती, पैसा तिने घातला होता. करार 2009 चा, चाचणीचे विमान 2018 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर उतरले आणि उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. मधली बारा वर्षे रस्ता, पाणी, वीज आणि परवानग्या यांत गेली, आणि या गोष्टींपैकी बऱ्याचशा कंपनीच्या हातातल्या नव्हत्या.

त्यानंतर अलायन्स एअरची मुंबई–चिपी सेवा उडान योजनेखाली तीन वर्षे चालली. चाकरमान्यांनी ती भरभरून वापरली, विशेषतः गणपतीत आणि मे महिन्यात. परंतु पावसाळ्यात आणि कमी दृश्यमानतेच्या दिवसांत फेऱ्या रद्द होत असत. ज्या विमानतळावर वैमानिकाला केवळ डोळ्यांनी पाहून उतरायचे असते, तिथे पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसणे आवश्यक असते, आणि कोकणातील आषाढ-श्रावणात तेवढे दिसणे ही कृपा समजायची. प्रवाशाचा विश्वास असा थोडा थोडा झिजला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये योजनेची मुदत संपली आणि ती मुंबईची सेवाही थांबली. फ्लाय 91 ने चिपीहून उड्डाणे सुरू केली हे चांगलेच झाले, पण आमच्या जिल्ह्याची नाळ मुंबईशी आहे.

याच काळात, 5 जानेवारी 2023 पासून, गोव्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. तो जीएमआर समूहाची कंपनी चालवते आणि तिने गोवा सरकारला उत्पन्नाचा 36.99 टक्के वाटा देण्याचे मान्य केले आहे. बांदा आणि सावंतवाडीच्या माणसाला मोपा चिपीपेक्षा जवळ पडतो, तिथे विमाने अनेक आहेत आणि स्पर्धेमुळे तिकीटही पुष्कळदा परवडते. 2008 च्या केंद्रीय धोरणात आधीच्या नागरी विमानतळापासून 150 किलोमीटरच्या आत नवा विमानतळ उभारायचा असेल तर विशेष विचार व्हावा असे आहे. प्रत्यक्षात मात्र दोन राज्यांनी आपापल्या सीमेच्या आत आपापले गणित मांडले आणि एकाच प्रदेशातल्या प्रवाशांवर दोन खासगी चालक अवलंबून राहिले. त्यांतला छोटा कोण ते आधीच ठरलेले होते. चिपीच्या चालकाने काय वेगळे करायला हवे होते, हे मला कोणी सांगावे. मला तर असे वाटते की, शासनाने पहिल्याच दिवशी मुंबईची सकाळची एक फेरी बाराही महिने राहील याची व्यवस्था करायला हवी होती आणि उतरण्यास साह्य करणारी उपकरणे उद्घाटनाच्या आधी बसवायला हवी होती.

सरकारी_खाते

इथवरची चर्चा वाचून माझा निष्कर्ष वेगळा निघतो. छोटा विमानतळ स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही, हे सर्वांनी मान्य केलेले दिसते. मग त्यात खासगी कंपनी आणायचीच कशाला? भारतीय विमानतळ प्राधिकरण शंभराहून अधिक विमानतळ चालवते, आणि मोठ्यांच्या नफ्यावर छोटे जगवते. गावातल्या एसटीचा तोटा शहरांमधल्या गाड्यांनी भरून काढावा, त्याच तत्त्वावर हे चालत आले. 2006 मध्ये दिल्ली आणि मुंबई खासगी भागीदारीत गेले, तेव्हा निदान उत्पन्नातला मोठा वाटा प्राधिकरणाला मिळत राहील अशी तरतूद होती: दिल्लीतून 45.99 टक्के, मुंबईतून 38.7 टक्के. 2019 मध्ये अहमदाबाद, जयपूर, लखनौ, तिरुवनंतपुरम, मंगळूरु आणि गुवाहाटी हे सहा विमानतळ 50 वर्षांसाठी अदानी समूहाला मिळाले, तेव्हा निकष बदलून प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम असा केला गेला. अहमदाबादसाठी ती 177 रुपये आणि मंगळूरुसाठी 115 रुपये होती. नफ्याचे विमानतळ एकेक करून बाहेर जाणार असतील, तर जळगाव आणि सोलापूर कोणाच्या जोरावर चालायचे?

परदेशातही हेच दिसते. ग्रीसने 2017 मध्ये चौदा प्रादेशिक विमानतळ जर्मनीच्या फ्रापोर्टच्या नेतृत्वाखालील कंपनीला 40 वर्षांसाठी दिले आणि आगाऊ 123 कोटी युरोंहून अधिक रक्कम घेतली. त्या चौदांत थेसालोनिकी, कॉर्फू, ऱ्होड्स, सँटोरिनी अशी पर्यटकांनी भरलेली ठिकाणे होती. उरलेले छोटे विमानतळ सरकारकडेच राहिले.

आपल्याकडचे अमरावती पाहा. बेलोराचा विमानतळ राज्याच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने पूर्ण केला आणि 16 एप्रिल 2025 रोजी तिथून मुंबईचे विमान सुरू झाले. शिर्डीही याच कंपनीची.

मांजराकाठ

शिर्डीबद्दल थोडे थांबून विचार करायला हवा. 2017 मध्ये सुरू झालेला तो विमानतळ भरला तो साईभक्तांमुळे. मालक कोणीही असता तरी तिथे विमान आले असते. म्हणून शिर्डीवरून सरकारी मालकीची बाजू सिद्ध होत नाही, तसेच लातूरवरून खासगी मालकी दोषी ठरत नाही. दोन्हीकडे मागणी हा घटक मालकीपेक्षा मोठा आहे. अमरावतीची खरी परीक्षा अनुदानाची मुदत संपल्यावर होईल.

मोठ्याबरोबर छोटा बांधून देण्याचा आपला मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. 2021 मध्ये विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून विमानतळांच्या गटासाठी एकत्र दर ठरवण्याची सोय करण्यात आली आणि सहा मोठ्यांना सात छोटे जोडण्याची यादीही पुढे आली. त्या सात छोट्यांत आपले जळगाव होते. जपानने होक्काइदो बेटावरचे सात विमानतळ एकत्र करून एकाच खासगी गटाकडे 30 वर्षांसाठी सोपवले. त्यात न्यू चितोसेसारखा गजबजलेला आहे आणि वाक्कानाईसारखा पार उत्तर टोकाचाही आहे. ही रचना मला ग्रीसपेक्षा न्याय्य वाटते. तरीही एक भीती राहते. जोडीतला छोटा विमानतळ हा मोठ्याच्या किमतीतला केवळ एक खर्च मानला गेला, तर चालक तो कायद्यापुरता उघडा ठेवेल आणि लक्ष मोठ्याकडेच देईल. म्हणून गट केला तरी प्रत्येक छोट्या ठिकाणासाठी स्वतंत्र सेवेची अट लागेलच.

तोरणगल्लू_हंपी

मी नोकरीनिमित्त बळ्ळारी जिल्ह्यात राहतो. आमच्या शेजारी तोरणगल्लूला जिंदाल समूहाने आपल्या पोलाद कारखान्यासाठी बांधलेला विमानतळ आहे आणि त्यावर उडान योजनेतील प्रवासी सेवाही आली. हा विमानतळ टिकून राहतो, कारण कारखान्याला त्याची स्वतःला गरज आहे. प्रवासी सेवा बंद पडली तरी धावपट्टीची निगा राखली जाते आणि माणसे कामावर असतात. हंपीला जाणाऱ्या पर्यटकांचा त्यात आपोआप फायदा होतो.

पश्चिम बंगालमधल्या अंडालचेही लक्षात घेण्यासारखे आहे. दुर्गापूरजवळचा हा विमानतळ खासगी कंपनीने भोवतालच्या औद्योगिक वसाहतीसह उभारला. 2015 मध्ये सुरू झालेली नियमित सेवा मध्यंतरी थांबली होती, परंतु आज तिथून मोठी विमाने उडतात. दुर्गापूर-आसनसोलच्या उद्योगांची मागणी पाठीशी होती म्हणून वाईट काळ काढता आला.

यावरून मला असे वाटते की, चालक निवडताना त्याने किती रक्कम देऊ केली यापेक्षा त्या विमानतळाशी त्याचे दुसरे कोणते हित बांधलेले आहे, हे पाहायला हवे. लातूरला डाळींचा व्यापार आहे, शिकवण्यांमुळे राज्यभरातून येणारे विद्यार्थी आहेत, रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. तिथल्या उद्योजकांचा किंवा सहकारी संस्थांचा हिस्सा असलेली कंपनी का नसावी?

यॉर्कशायरवासी

इंग्लंडमधला एक अनुभव सांगतो, कारण तो पट्ट्याच्या मुदतीच्या प्रश्नाला थेट भिडतो. आमच्या भागात डॉनकास्टर शेफील्ड नावाचा विमानतळ होता. हवाई दलाच्या जुन्या तळावर पील समूहाने तो 2005 मध्ये सुरू केला आणि तोट्यात असल्याचे सांगून 2022 च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला. जमीन कंपनीची होती. स्थानिक लोकप्रतिनिधींनी बरीच खटपट केली, तरी चालू विमानतळ चालूच ठेवायला भाग पाडण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. पुढे तिथल्या नगर परिषदेला त्याच कंपनीकडून विमानतळ भाडेपट्ट्याने घ्यावा लागला, आणि बंद पडलेला विमानतळ पुन्हा उघडणे हे चालू विमानतळ सांभाळण्यापेक्षा फार खर्चाचे काम आहे. वेल्स सरकारने कार्डिफ विमानतळ 2013 मध्ये 5 कोटी 20 लाख पौंडांना विकत घेतला, तोही अशाच काळजीपोटी.

सभासदांनी हे लक्षात घ्यावे की, महाराष्ट्रात जमीन अजून सार्वजनिक आहे. 95 वर्षांचा पट्टा म्हणजे व्यवहारात जवळजवळ मालकीच, परंतु अगदी मालकी नव्हे. हा फरक आपल्या बाजूचा आहे.

विंडसॉक

आकडेवारीची एक बाजू राहून गेली आहे. उडान योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल 2023 मध्ये आला. निविदांच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत, जे 371 सुरू झाले त्यांपैकी 112 मार्गांनीच तीन वर्षांची सवलत पूर्ण केली, आणि त्यांतलेही केवळ 54 मार्ग मार्च 2023 पर्यंत टिकून होते. सरकारी विमानतळ आणि खासगी विमानतळ दोन्ही यात आहेत. अनुदान विमान कंपनीला मिळते आणि मुदत संपली की विमान दुसऱ्या मार्गावर जाते, तेव्हा विमानतळ मात्र जागच्या जागी राहतो.

म्हणून माझ्या मते राज्याने फेरी विकत घ्यावी आणि विमानतळाची सज्जता वेगळी विकत घ्यावी. सोलापूर–मुंबई मार्गासाठी राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून देण्याचा निर्णय घेतला, ही पहिल्या गोष्टीची चांगली सुरुवात आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी चालकाला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, आणि धावपट्टी, दिवे, अग्निशमन, परवाना यांपैकी काहीही ठरलेल्या प्रतीचे नसेल त्या दिवसांचे पैसे कापावेत. रस्त्यांच्या वार्षिकी तत्त्वावरच्या करारांत असेच होते आणि बांधकाम कंपन्यांना ते परिचित आहे. मुदत पंधरा-वीस वर्षांची पुरे. ज्या दिवशी प्रवासी वाढतील त्या दिवसापासून उत्पन्नाची वाटणी सुरू व्हावी. असा करार असेल तर चालक खासगी असो वा सरकारी कंपनी, मला फरक पडत नाही.

सरकारी_खाते

ही रचना मला बऱ्याच अंशी पटते, पण करार मोडल्यावर काय, हा प्रश्न राहतोच. नागपूर विमानतळ चालवायला देण्याचे उदाहरण समोर आहे. जीएमआरने उत्पन्नाचा आधी 5.76 टक्के आणि वाटाघाटीनंतर 14.49 टक्के वाटा देऊ केला, 2020 मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली, कंपनी न्यायालयात गेली, उच्च न्यायालयात आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तिची बाजू ग्राह्य धरली गेली, आणि प्रत्यक्ष करार व्हायला 2024 उजाडले. नागपूरला विमाने येतच राहिली म्हणून हा काळ निभावला. लातूर किंवा यवतमाळचा वाद एवढा लांबला तर धावपट्टीचे काय होईल? वाद चालू असतानाही विमानतळाचा ताबा आणि देखभाल राज्याकडे राहील, असे कलम आधीपासून असले पाहिजे.

मांजराकाठ

हे कलम मी माझ्या टिपणात सर्वांत वर लिहून ठेवले आहे. पुढचे पाऊल म्हणून माहिती अधिकार कायद्याखाली एमआयडीसीकडे अर्ज करायचे ठरवले आहे. पाचही विमानतळांच्या मूळ पट्ट्यांच्या प्रती, त्यांतील सेवेविषयीच्या अटी, विमानतळाबाहेरच्या जमिनीच्या वापराची कलमे, आजवर भरलेल्या भाड्याचा वर्षवार तपशील आणि पाठवलेल्या नोटिसा, एवढे मागणार आहे. कर्लीकाठ यांनी चिपीच्या करारासाठी तसाच अर्ज केला तर दोन्ही करार शेजारी ठेवून वाचता येतील, कारण एकात तयार धावपट्टी दिली होती आणि दुसऱ्यात ती कंपनीने बांधली. विंडसॉक, परवान्याच्या तपासणीत आढळलेल्या त्रुटींची माहिती महासंचालनालयाकडे मागायची असेल तर अर्जात नेमके कोणते शब्द वापरावेत, ते कृपया लिहा. अर्जाचा मसुदा मी याच धाग्यावर टाकतो, म्हणजे पाठवण्याआधी सर्वांना दुरुस्त्या सुचवता येतील.